चढ न जाणवणारा जिना

नीरजाबाई आठल्यांना आयुष्याकडून आता एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे लिफ्ट. दागिने नको होते, परदेशवारी नको होती, बंगळूरची लेक कायमचं राहायला बोलावत होती तेही नको होतं. शनिवार पेठ सोडून त्या कुठे जाणार? फक्त शनिवार पेठेत राहायचं ते तिसऱ्या मजल्यावर चढून नव्हे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता. डॉक्टर म्हणाले, जिना कमी करा. जिना काय चहातली साखर आहे, अर्धा चमचा कमी घालायला? घर तिसऱ्या मजल्यावर म्हटल्यावर तो करायचा म्हणजे सगळाच करायचा. सकाळी दूध, मग भाजी, मग दुपारी इस्त्रीचे कपडे, संध्याकाळी राहिलेलं आलं नाहीतर कढीपत्ता. कचरा न्यायला सोजरबाई यायच्या त्या गाडी घेऊन खाली बोळात उभ्या राहायच्या आणि शिटी मारायच्या. त्या तीन जिने चढून वर येणार नव्हत्या आणि त्यांनी का यावं? म्हणजे पुन्हा ओला डबा एका हातात, सुका दुसऱ्या हातात आणि कठडा धरायला देवाने तिसरा हात दिलेला नाही.

आता कोणी विचारेल, घरात नवरा नव्हता का? होता की. दिगंबरराव चांगले धडधाकट होते. पण विमा कंपनीत नोकरी होती तेव्हा ते सकाळी एकदा उतरायचे आणि संध्याकाळी एकदा चढायचे. निवृत्त झाल्यावरही तेवढंच राहिलं, संध्याकाळी ओंकारेश्वरापर्यंत फिरून यायचे, की संपलं. हातात फार तर छत्री. एरवी सगळा दिवस गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढणं आणि संपादकांना पत्रं लिहिणं हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय होता.

चुका काढणं म्हणजे तरी किती काढाव्यात माणसाने! लग्नात गुरुजींना अडवायचे, दुकानदाराला त्याच्याच दुकानाचं स्थापनेचं साल सांगायचे. एकदा तर वैकुंठ स्मशानात, माणसं डोळे पुसत असताना, गेलेल्या माणसाचं वय चुकीचं सांगणाऱ्याला यांनी सगळ्यांदेखत दुरुस्त केलं. वय बरोबर होतं यांचं, पण म्हणून काय झालं? चुकीची माहिती कानावर पडली की या माणसाला पोटात दुखायचं, आणि बरोबर माहिती सांगून टाकल्याशिवाय ते थांबायचं नाही. स्वतः चुकल्याचं मात्र त्यांनी कधी कबूल केलेलं नव्हतं. चाळीसेक वर्षांच्या संसारात नीरजाबाईंनी त्याची वाट बघणंसुद्धा सोडून दिलं होतं.

तर अशा घरात एक दिवस विक्रम नावाचा तरुण बिल्डर आला. गोड बोलणारा, बूट दाराबाहेर काढणारा. 'त्र्यंबक सदन' पाडून तिथे सात मजली इमारत बांधायची, सगळ्या बिऱ्हाडांना आहे त्यापेक्षा मोठी जागा द्यायची, असा त्याचा बेत. त्याने नकाशा टेबलावर पसरला. बाकीची बिऱ्हाडं बाल्कनी मोजत बसली, नीरजाबाईंनी फक्त जिन्याशेजारचे दोन छोटे चौकोन बघितले. दोन लिफ्ट. त्या रात्री त्यांना झोप लागली ती गुडघ्याला तेल न लावता. सगळ्या बिऱ्हाडांनी सह्या केल्या, दिगंबररावांनीही केली. त्यांचं लक्ष करारनाम्यातल्या शुद्धलेखनाकडे होतं, ते एक असो.

आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली. पालिकेने जुन्या पेठांमधल्या वारसा इमारतींची नवी यादी करायला घेतली आणि तिच्या मसुद्यात त्र्यंबक सदनचं नाव आलं. यादी पक्की झाली की इमारत पाडता येणार नाही. झालं! विक्रमचा नकाशा गुंडाळलेला तसाच राहणार, आणि ते दोन चौकोनही.

यादीसाठी फोटो काढायला पालिकेच्या वारसा समितीकडून स्वराली नावाची आर्किटेक्ट मुलगी आली होती. ती जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत फिरवत वर आली आणि दारातच म्हणाली, "काकू, हे सगळं ओरिजिनल आहे? म्हणजे इट्स सो रेअर."

"मीसुद्धा ओरिजिनलच आहे," नीरजाबाई म्हणाल्या. "गुडघे तेवढे बदलून घ्यायचे राहिलेत. ये, चहा घे."

मुलगी तशी गुणी होती, तिचा काही दोष नव्हता. तिनेच सांगितलं की हरकत असेल तर लेखी द्या, सुनावणी होईल, तुमचं म्हणणं समितीपुढे मांडा. सगळ्या बिऱ्हाडांनी हरकत दिली. विक्रमने एक आर्किटेक्ट ठरवला. त्याने बोलायचं, आणि सगळ्यांत जुने रहिवासी म्हणून दिगंबररावांनी उभं राहून 'मी सहमत आहे' एवढंच म्हणायचं, असं ठरलं.

नीरजाबाईंना धास्ती होती ती त्या एवढ्याशाचीच. त्यांनी आठवडाभर नवऱ्याची तालीम घेतली. सकाळी चहा देताना विचारायच्या, काय म्हणायचं? मी सहमत आहे. दुपारी ताक देताना, काय म्हणायचं? मी सहमत आहे. दिगंबरराव शेवटी वैतागले, मला काय पोपट समजतेस का म्हणाले. पोपट असता तर काळजीच नव्हती, असं नीरजाबाई मनात म्हणाल्या आणि त्यांनी सुनावणीच्या दिवशी रिक्षातसुद्धा एकदा म्हणवून घेतलं.

समितीचे अध्यक्ष भीमराव गायकवाड हे नगररचना खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. कमी बोलायचे आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे असं बघायचे, की बोलणारा आपोआप आवरतं घ्यायचा. स्वराली त्यांच्या बाजूला फाइल घेऊन बसली होती. त्र्यंबक सदनचा पुकारा झाला आणि विक्रमचा आर्किटेक्ट उठला.

त्याने सुरुवात छान केली. इमारत जुनी आहे, पण जुनं ते सगळंच काही वारसा नसतं, म्हणाला. बांधकाम सामान्य आहे. लाकूड हलकं आहे. भिंती मातीच्या. नीरजाबाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडे बघत होत्या. 'लाकूड हलकं' म्हटल्यावर दिगंबररावांच्या मानेची शीर उडाली. 'मातीच्या भिंती' म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. नीरजाबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. अजून एखादं मिनिट, बास. पण त्या शहाण्याला कुठे थांबावं ते कळलं नाही.

"थोडक्यात सांगायचं तर," तो म्हणाला, "ही मुंबईच्या चाळीची एक स्वस्त नक्कल आहे."

संपलं. शनिवार पेठेतल्या माणसाला काय वाटेल ते म्हणा, मुंबईची नक्कल म्हणू नका. दिगंबरराव उभे राहिले तेव्हा नीरजाबाईंचा हात मनगटावरून आपोआप सुटला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते दोन चौकोन विरून गेले.

"सहमत होण्याआधी तीन दुरुस्त्या आहेत," दिगंबरराव म्हणाले.

तीन कसल्या! माणूस जो सुटला तो सुटला. लाकूड हलकं नाही, ब्रह्मदेशातलं सागवान आहे, आणि ते रेल्वेने पुण्यात कसं आलं इथपासून सुरुवात केली. भिंती विटांच्या आहेत, चुना बैलघाण्यात मळलेला आहे, खिळा ठोकायला गेलात तर खिळाच वाकतो, हिला विचारा. हिला म्हणजे नीरजाबाईंना. त्या छताकडे बघत होत्या. मुंबईच्या चाळीत खोल्यांपुढे सलग गॅलरी असते, इथे प्रत्येक घराला स्वतंत्र गॅलरी आहे, हा फरक ज्याला दिसत नाही त्याने आर्किटेक्टपेक्षा दुसरं काही व्हायला हवं होतं, असं त्यांनी त्या आर्किटेक्टच्या तोंडावर सांगितलं. मग मागचा चौक घेतला. त्या चौकात सकाळचं ऊन तळमजल्यापर्यंत उतरतं, तिथे एक वीट जरी नवी ठेवलीत तरी इमारतीचा जीव गेला समजा, म्हणाले. आणि शेवटी ते जिन्यावर आले. खरं सांगायचं तर, इतकं सुंदर ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतही नाही, हे नीरजाबाईंनी तिथल्या तिथे नोंदवून ठेवलं.

"त्या जिन्याची पायरी अशी बेतली आहे," दिगंबरराव म्हणाले, "की चढणाऱ्याला चढ जाणवतच नाही. भरला हंडा घेऊन बाई वर गेली तरी थेंब सांडणार नाही. असा जिना आज पुण्यात कुणाला बांधता येणार नाही."

स्वरालीचे डोळे भरून आले होते. विक्रमने कपाळाला हात लावला. गायकवाडांनी एवढा वेळ एकदाही कुणाला अडवलं नव्हतं, ते शांतपणे म्हणाले, "आठल्येसाहेब, आपण हरकत घ्यायला आला होतात."

दिगंबरराव तेव्हा कुठे भानावर आले. पण मागे हटतील तर ते दिगंबरराव कसले? हरकत आपल्या जागी आहे, माहिती आपल्या जागी, असं काहीतरी पुटपुटून ते बसले. गायकवाडांनी नीरजाबाईंना विचारलं, बाई, आपल्याला काही म्हणायचं आहे का?

नीरजाबाई उठल्या. उठताना गुडघा कट्ट वाजला तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. त्यांना रडू येत होतं आणि रागही, आणि रागाने बाजी मारली.

"माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "यांनी सांगितलं ते खरंच असणार. चढणाऱ्याला चढ जाणवत नाही म्हणतात, तर उद्यापासून दूध, भाजी, कचरा सगळं हेच करतील. मी खाली उतरणार नाही. हेही लिहून घ्या."

लोक हसले. लिहून घेणाऱ्या कारकुनाने गंभीर चेहऱ्याने लिहूनही घेतलं.

यादी पक्की झाली. विक्रम शहाणा, त्याने पेठेचा नाद सोडला आणि हडपसरला नवं काम काढलं. बाकीची बिऱ्हाडं आठल्यांशी बोलेनाशी झाली. आणि नीरजाबाईंनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुधासाठी पिशवी आणि सुटे पैसे आरामखुर्चीच्या हातावर ठेवले आणि स्वतः गॅलरीत जाऊन वर्तमानपत्र उघडलं.

पहिले दोन दिवस दिगंबरराव ऐटीत उतरले. बघ, काय तो जिना, म्हणत वर आले. तिसऱ्या दिवशी 'बघ' एवढंच म्हणाले. पुढे तेही बंद झालं. नीरजाबाईंनी छळ केला असं कुणी म्हणू नये. त्यांना फक्त गोष्टी एकेक करून आठवायच्या, जशा गेली चाळीस वर्षं एकेक करून सगळ्यांना आठवत आल्या होत्या. भाजी आली की कोथिंबीर आठवायची. कोथिंबीर आली की आलं. चहा उकळायला लागला की यांनीच म्हणावं, अगं, साखर संपली वाटतं. हो ना, नीरजाबाई म्हणायच्या आणि पिशवी पुढे करायच्या. सोजरबाईंची शिटी वाजली की दिगंबरराव दोन डबे घेऊन निघायचे. एकदा त्यांनी घाईत ओल्या कचऱ्यात सुका मिसळला, तर सोजरबाईंनी त्यांना खाली उभं करून अख्खा डबा वेगळा करायला लावला. संपादकांना पत्र लिहायला त्या दिवशी त्यांच्या अंगात त्राणच उरलं नाही.

मग एकदा नीरजाबाईंच्या लक्षात आलं, की नवरा बोळातून आत शिरलेला दिसतो, पण दारात उगवत नाही. त्यांनी दार किलकिलं करून खाली वाकून पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीच्या कट्ट्यावर दिगंबरराव बसले होते. शेजारी बटाट्यांची पिशवी. एक हात गुडघ्यावर, आणि नजर वरच्या उरलेल्या पायऱ्यांवर. नीरजाबाईंना वाटलं आता आपल्याला गंमत वाटेल, पण वाटली नाही. त्या कट्ट्यावर त्या स्वतः कितीदा बसल्या होत्या, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी दार आवाज न करता लोटलं. पिशवी मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशीही पुढे केली, कारण दया आली म्हणून गुडघे बरे होत नाहीत.

असे बरेच दिवस गेल्यावर दिगंबरराव एका सकाळी कुणाला न सांगता कुठेतरी जाऊन आले. कुठे ते दोन दिवसांनी कळलं, स्वरालीचा फोन नीरजाबाईंनाच आला तेव्हा. काका लिफ्टचं विचारत होते, ती म्हणाली. वारसा इमारत झाली म्हणून आत काहीच करता येत नाही असं नसतं काकू. मूळ बांधकामाला धक्का न लावता, परवानगी घेऊन, मागच्या चौकात वेगळी उभी लिफ्ट बसवता येईल, डिझाइन मी करून देते. पण चौकात काही नवं करायचं तर समितीपुढे जावं लागेल. बाकीची बिऱ्हाडंही खर्चाला तयार आहेत, काकांनी प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारलंय. म्हणजे नवरा दारोदार फिरला होता, आणि तोही जिन्यावरून.

पुन्हा सुनावणी. या वेळी रिक्षात तालीम नव्हती, कारण काय म्हणायचं ते नीरजाबाईंना माहीत नव्हतं आणि दिगंबररावांनी सांगितलं नाही. हा माणूस आता तिथे उभा राहून स्वतःचं खरं करायला जाणार, लिफ्ट मागतानासुद्धा समितीच्या चार चुका काढणार आणि उरलीसुरली आशाही घालवून बसणार, याची नीरजाबाईंना खात्रीच होती.

स्वरालीने नकाशा दाखवला. चांगला होता, लोखंड आणि काच, जिन्याला कुठे स्पर्शही नाही. गायकवाडांनी तो नीट बघितला, बाजूला ठेवला आणि फाइलमधून मागच्या सुनावणीचं इतिवृत्त काढलं.

"आठल्येसाहेब, चौक संपूर्ण राखायचा हे आम्ही आपल्याच सांगण्यावरून ठरवलं," ते म्हणाले. "आपले शब्द आहेत. 'तिथे एक वीट जरी नवी ठेवलीत तरी इमारतीचा जीव गेला समजा.' आणि जिन्याबद्दल, 'चढणाऱ्याला चढ जाणवतच नाही.' मग लिफ्ट कशाला हवी?"

दिगंबरराव उभे राहिले. नीरजाबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग राहवेना म्हणून त्यांनी ते उघडले. नवरा टेबलाची कड धरून उभा होता.

"माझं चुकलं," दिगंबरराव म्हणाले, पण इतक्या हळू की कारकुनाने मान वर केली आणि मोठ्याने बोला म्हणून विनंती केली, इतिवृत्तात घ्यायचं होतं.

"माझं चुकलं," दिगंबरराव मोठ्याने म्हणाले.

"नेमकं काय?" गायकवाडांनी विचारलं. "चौकात ऊन उतरत नाही?"

"ऊन उतरतं. त्याला पिशव्या घेऊन परत चढायचं नसतं." त्यांनी टेबलाची कड सोडली. "इमारतीबद्दल बोललो ते सगळं बरोबर आहे, त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण जिन्याबद्दल मी बोलायला नको होतं. मी तो जिना नुसता बघत आलो. चढत आली ती ही. हिला विचारायचं सोडून मी तुम्हाला सांगत बसलो."

गायकवाडांनी नीरजाबाईंकडे पाहिलं, पण या वेळी त्यांना काही म्हणायचं आहे का असं विचारलं नाही. शेजारच्या सदस्यांशी दोन शब्द बोलले, नकाशा पुन्हा पुढे ओढला, लिफ्टचा रंग भिंतीला जुळता ठेवा आणि चौकातली फरशी काढलीत तर तीच परत बसवा, अशा दोन अटी सांगितल्या आणि मंजूर म्हणाले. पुढच्या इमारतीचा पुकाराही झाला.

स्वराली बाहेर येऊन नीरजाबाईंच्या गळ्यातच पडली. काम सुरू व्हायला दिवाळी उजाडेल, ती सांगत होती, निविदा, कंत्राटदार, वगैरे वगैरे. नीरजाबाई हो हो म्हणत होत्या. मग त्या वळल्या आणि सरळ पुन्हा आत, कारकुनाच्या टेबलाशी गेल्या. आजच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मिळते का, त्यांनी विचारलं.

मिळते, कारकून म्हणाला, अर्ज करा. लिफ्टच्या मंजुरीचं पान हवं ना?

"लिफ्टचं राहू द्या," नीरजाबाई म्हणाल्या. "त्याच्या आधीचं पान. हे उभे राहिले तिथपासून."

दिगंबरराव मागे येऊन उभे राहिले होते. त्यांच्या लक्षात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. अगं, ते कागदावर कशाला, असं ते दबक्या आवाजात म्हणाले, हवं तर घरी पुन्हा म्हणतो की मी.

"घरी तुम्ही म्हणाल हो," नीरजाबाई अर्ज लिहिता लिहिता म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "पण घरी शिक्का मिळत नाही."